चिंचेने घासलेली सातशे वर्षं

खंडेनवमीच्या सकाळी घरात काहीतरी अघटित घडलंय हे सुलेखाला सगळ्यांत आधी कळलं ते वासावरून. अंघोळ आटोपून ती खाली आली तर किचनमध्ये चिंचेचा वास भरून राहिला होता. आमटी तर तिने काल रात्रीच करून ठेवली होती, आणि तीही आमसुलाची. मग चिंच कुणाला लागली?

सिंकपाशी शैलजाताई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, शेजारी वाटीत चिंचेचा कोळ आणि मीठ, आणि ओट्यावर टॉवेलात अर्धी गुंडाळून आडवी ठेवलेली सुलेखाच्या नवऱ्याची, श्रीरामची तलवार.

"ये," शैलजाताई मान न वळवता म्हणाल्या. "आज शस्त्रपूजा, म्हटलं आधी स्वच्छ करून घ्यावी. काय अवस्था ठेवली होतीस गं. पातं नुसतं लखलखतंय आणि मुठीकडचा भाग हा असा काळाकुट्ट. दिसतं तेवढंच पुसायचं, ही तुझी सवय काही अमेरिकेत येऊन गेली नाही."

सुलेखा जवळ गेली. मुठीच्या आत जो भाग दडलेला असतो, ज्याच्यावरची मूठ श्रीरामने आज सकाळी स्वतःच्या हाताने, श्वास रोखून काढून ठेवली होती, तो भाग दिवाळीत घासलेल्या समईसारखा चमकत होता. सुलेखाने फ्रिजला हात टेकला.

"वन्सं, तो भाग घासायचा नसतो."

"का? त्याने काय पाप केलंय?"

"तो गंजच तर बघायला येतायत ते. डेल. दुपारी जेवायला येणारेत ना, ते."

शैलजाताईंचा हात थांबला. "गंज बघायला? पिओरियाहून? गाडी चालवत?" त्यांनी क्षणभर विचार केला. "त्यांच्या गावात नाही का गंज?"

हे कसं समजावून सांगायचं? सुलेखाला स्वतःला ते समजायला श्रीरामची कितीतरी व्याख्यानं ऐकावी लागली होती, आणि ती ऐकताना तिने मनातल्या मनात वर्षभराचा किराणा भरून टाकला होता. तरी सार तिच्या डोक्यात बसलं होतं. जपानी तलवारीचं पातं आरशासारखं ठेवतात, तेल लावतात, रेशमात गुंडाळतात. पण मुठीच्या आतला भाग, ज्याला नाकागो म्हणतात, त्याला कुणी बोट लावत नाही. तिथला गंज शतकानुशतकं साचत जातो, आणि त्याचा रंग नि पोत बघून जाणकार तलवारीचं वय सांगतात. श्रीरामच्या या तलवारीवर कारागिराची सही नव्हती. पातं इतक्या वेळा पॉलिश झालेलं की त्यावरून छातीठोकपणे काही सांगण्याची सोय उरली नव्हती. उरला होता तो फक्त गंज. श्रीरामचं म्हणणं होतं, तलवार सातशे वर्षांपूर्वीची. आणि डेल येणार होता तो हो किंवा नाही म्हणायला.

"पहिल्याच आठवड्यात यांनी तुम्हाला सांगितलं होतं, वन्सं. नाकागोला हात लावायचा नाही म्हणून."

"नाकागो म्हणे. मला वाटलं काहीतरी नाकाचं सांगतोय. सर्दीच होती मला तेव्हा." शैलजाताईंनी नळ सोडला आणि तो चकचकीत भाग धुऊन घेतला. "आणि नाक तर नाक. घासायला नको?"

एरवी सुलेखाला हसू आलं असतं, पण आज नाही. तिला तलवारीचं काहीच पडलेलं नव्हतं. तळघरातल्या सगळ्या तलवारी उद्या कुणी उचलून नेल्या असत्या तर तिने त्या माणसाला दारापर्यंत पोहोचवून चहा दिला असता. भीती होती ती या भावाबहिणीची. मामंजींच्या शेवटच्या आजारपणात श्रीराम इथून रोज फोनवर नागपूरच्या डॉक्टरांचं निदान खोडून काढत होता. पॅथॉलॉजिस्ट होता ना तो, आयुष्यभर काचेच्या पट्टीवरून लोकांचे आजार ओळखलेला. शैलजाताई तिथे उशाशी बसलेल्या, त्या म्हणत होत्या डॉक्टर बरोबर सांगतायत. डॉक्टर बरोबर निघाले. तेराव्याच्या दिवशी शैलजाताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुझं चुकलं, श्रीराम." त्यानंतर दोघांत जो अबोला पडला तो इतकी वर्षं हलला नाही. त्याच सुमाराला श्रीरामने तलवारींची निदानं सुरू केली. तलवारीला नातेवाईक नसतात, हा त्यातला मोठा फायदा.

गंमत अशी की तिथेही त्याचं एकही निदान बरोबर येत नव्हतं. मिडवेस्टातल्या तलवारवाल्यांत डेलचा शब्द शेवटचा. पेशाने दातांचा डॉक्टर, आता रिटायर्ड. श्रीरामने पुढे केलेली प्रत्येक तलवार तो उजेडात धरायचा, बराच वेळ बघायचा आणि प्रेमाने म्हणायचा, "नाइस ब्लेड, डॉक. पण तुला वाटतेय ती नाही ही." घरी येताना श्रीराम गाडीत रेडिओही लावायचा नाही.

आणि आता या सप्टेंबरात शैलजाताई आपणहून आल्या होत्या. श्रीराम जेवताना बोलायला लागला होता. परवा तर तो मोठ्याने हसला, आणि सुलेखा ते बघायला किचनमधून बाहेर आली होती. हे सगळं आता वाटीभर चिंचेत बुडणार की काय, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"रडतेस कशाला?" शैलजाताई म्हणाल्या. "रांगोळी आहे का घरात? रांगोळीने अजून झळाळी येते."

"वन्सं, तुम्ही आता वर जाऊन साडी बदला," सुलेखा म्हणाली. "पाहुणे येतील. पूजेचं मी बघते."

त्या वर गेल्या आणि वरून अनिका नि राज उतरले. लेक-जावई सणासाठी शिकागोहून कालच आले होते. अनिकाने तलवार बघितली आणि हातातला मग खाली ठेवला.

"आई. प्लीज टेल मी की हे तू नाही केलंस."

"आत्याने केलं."

"ओ माय गॉड. धिस इज लाइक, मर्डरनंतर पोलीस यायच्या आत फरशी पुसणं."

"हळू बोल. बाबा कुठपर्यंत आले असतील?"

श्रीराम झेंडूची फुलं आणायला इंडियन ग्रोसरीत गेला होता. त्याला पाठवलं होतं शैलजाताईंनीच, कारण दाराला तोरण नको का.

"फोन करून सांगून टाकू त्यांना," अनिका म्हणाली. "आय मीन, ही डिझर्व्हज टु नो. डेलला कॅन्सल करू दे."

"आणि आत्याचं काय? परवा तिचं विमान आहे. ती एकदा विमानात बसली की मी सांगेन मीच घासली म्हणून. माझ्याशी अबोला धरून ते जाणार कुठे? भूक लागली की बोलतील."

अनिका बाबांच्या बाजूने, राज कुणाच्याच बाजूने नाही, अशी परिस्थिती होती. पण राजचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता. तो केमिकल इंजिनिअर होता आणि पाइपलाइनला गंज लागू नये याचाच त्याला पगार मिळत असे. सासरी आजवर कुणी त्याला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "टेक्निकली, गंज परत आणता येतो."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. अर्ध्या तासात मस्त नारिंगी रस्ट."

"नारिंगी नको. काळा होता. जांभळट काळा."

"काळ्याची प्रोसेस वेगळी आहे. नॅचरली करायची तर..." त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "सातशे वर्षं."

"राज, बी सीरियस, यार," अनिका म्हणाली.

"सीरियसच आहे. शॉर्टकट म्हणजे, आधी नारिंगी आणायचा आणि मग चहात उकळायचा. चहातल्या टॅनिनने काळा पडतो."

पुढच्या तासाभरात त्या किचनमध्ये जे चाललं ते नेपरव्हिलच्या त्या शांत गल्लीत कधी झालं नसेल. सुलेखाने सांडग्यांच्या डब्यामागून व्हिनेगर काढलं. राजने बाथरूममधून पेरॉक्साइड आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप न करता ओतलं. उंच पातेलं एकच होतं, त्यात सकाळपासून बटाटे उकडत होते, ते बशीत काढले. चहाची अर्धी बरणी पाण्यात पडली. पात्याला टॉवेल गुंडाळून सुलेखाने तलवार उलटी धरली आणि तिचं बूड पातेल्यात बुडवून ती ढवळत उभी राहिली. लोकांच्या चेहऱ्यावरचे म्हातारपणाचे डाग लेझरने घालवणारी अनिका शेजारी उभी राहून सांगत होती, "आई, तिथे डाग कमी आहेत. अजून हवेत. नाही, ते फार युनिफॉर्म दिसतंय, खऱ्या वयाचे डाग असे नसतात." कधी ती आईच्या बाजूला आली हे तिचं तिलाही कळलं नाही.

मध्येच साडी बदलून शैलजाताई दारात उभ्या राहिल्या. पातेल्यातली तलवार त्यांनी वाकून पाहिली.

"पाहुण्यांसाठी चहा का?" त्यांनी विचारलं.

"हो," तिघं एकदम म्हणाले.

"आलं घाल," असं म्हणून त्या देवघराकडे वळल्या.

तलवार बाहेर काढली तेव्हा तिच्या बुडाला गंज आला होता खरा. पण तो काळाही नव्हता आणि जांभळटही नव्हता. पिवळसर, चट्ट्याचट्ट्यांचा, लहान मुलाने हळदीचा हात पुसावा तसा. राज म्हणाला अजून दोन उकळ्या हव्यात. तेवढ्यात गराजचं दार वाजलं आणि त्याच वेळी ड्राइव्हवेवर दुसरी गाडी थांबली. श्रीराम आणि डेल एकदमच आले होते. सुलेखाने तलवार ओट्यावर टॉवेलाखाली सरकवली, गॅस बंद केला, केस सारखे केले आणि तिघंही बाहेर धावले.

डेल उंच, वाकलेला, गुलाबी माणूस होता. त्याने बूट काढले, सगळ्यांना नमस्ते केलं आणि हातातली पम्पकिन पाय सुलेखाला दिली. श्रीरामच्या हातात झेंडूच्या दोन पिशव्या होत्या आणि कॉलरला एक पाकळी चिकटलेली. परीक्षेच्या दिवशी मुलांचा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता. सुलेखाला त्याच्याकडे बघवेना.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "श्रीखंड-पुरी आहे. पुऱ्या गार होतील."

डायनिंग टेबल तलवारीसाठी राखलेलं, म्हणून सगळे फॅमिली रूममध्ये जेवायला बसले. श्रीखंडाने वेळ गेला. डेलने तीनदा घेतलं. राज त्याला पाइपलाइनविषयी काहीबाही सांगत राहिला, अनिकाने दातांबद्दल अशा शंका काढल्या की डेलने तिला तोंड उघडायला लावलं. श्रीराम मात्र पुरीचा एक तुकडा ताटात फिरवत बसला होता. शैलजाताई वाढायच्या निमित्ताने आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. हे सुलेखाच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, कारण श्रीराम उठून उभा राहिला होता.

"चल, डेल. इट्स टाइम."

तो डायनिंग रूममधल्या टेबलाकडे वळला, जिथे त्याने सकाळी पांढऱ्या कापडावर तलवार ठेवली होती. टॉवेलाखाली लपवलेली तलवार परत तिथेच आली होती. पण खाली पाट होता, पाटाभोवती रांगोळी, पात्यावर हळदीकुंकवाची बोटं, अक्षता, एक झेंडूचं फूल आणि समोर साखरेची वाटी. आणि मुठीकडचा भाग आता नुसता चमकत नव्हता, त्यात छतावरचं झुंबर दिसत होतं.

शैलजाताई उदबत्ती ओवाळत होत्या. "मेलं परत गंजलं होतं," त्या सुलेखाला म्हणाल्या. "अर्ध्या तासात. इथलं पाणीच वाईट आहे. मग पुन्हा घेतली घासून, रांगोळी लावून."

श्रीराम पुढे गेला. त्याने झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मग खाली वाकून त्याने तो भाग पाहिला, चष्मा काढून पाहिला, पुन्हा चष्मा लावून पाहिला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"हे कुणी केलं?"

"मी," सुलेखा म्हणाली. "सकाळी. माझ्याच हातून झालं."

"नाही, बाबा, मी केलं," अनिका म्हणाली. "आय वॉज ट्राइंग टु हेल्प."

"ॲक्च्युअली, केमिकली बघितलं तर मी," राज म्हणाला, आणि ते त्याने कशासाठी म्हटलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शैलजाताईंनी उदबत्ती खोचली आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. दुसऱ्याने आपल्या कामाचं श्रेय लाटावं हे त्यांनी आयुष्यात खपवून घेतलं नव्हतं.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "सुलेखा, तुझ्याकडे देवाची भांडी बघ. निरांजनाच्या खाचेत काजळी आहे अजून. तू घासलीस ही? आणि ही पोरगी, हिने कधी चमचा विसळलाय? मी घासली, श्रीराम. दोन वेळा घासली. मनगट दुखतंय माझं."

सुलेखाला वाटलं, आता संपलं. श्रीरामच्या कपाळावरची ती शीर तिला ओळखीची होती. तेराव्याच्या दिवशी फोन ठेवल्यावर ती अशीच तट्ट फुगली होती. तो ताईकडे बघत होता आणि ताई कौतुकाची वाट बघत होत्या.

डेल पुढे आला. त्याने परवानगीशिवाय तलवार उचलली नाही, नुसता वाकला, खिशातून भिंग काढलं, आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तो सरळ झाला.

"डॉक," तो म्हणाला, "आय हॅव नेव्हर सीन वन धिस क्लीन."

मग अगदी हळू आवाजात त्याने उरलेलं सांगितलं. आता काही सांगता येणार नाही. सातशे वर्षांची असेल, सत्तरचीही असेल. बघण्यासारखं जे होतं ते गेलं. तो हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही, आणि यापुढे कुणीच म्हणू शकणार नाही. आय ॲम सॉरी, डॉक.

"काय म्हणतोय तो?" शैलजाताईंनी विचारलं. डेलचं इंग्रजी त्यांच्या पल्ल्याबाहेरचं होतं.

सुलेखाने पदर मुठीत धरला.

"म्हणतोय," श्रीराम म्हणाला, "की इतकी स्वच्छ तलवार त्याने आजवर पाहिलेली नाही."

"बघ," शैलजाताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की राजने नजर खाली वळवली. "गोऱ्या माणसाला कळतं. खाली अजून आहेत ना तुझ्या? उद्या सगळ्या काढून दे. जायच्या आधी हातावेगळ्या करून टाकते."

अनिका सरळ गेली आणि तळघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

श्रीराम खुर्चीत बसला. आता तो खरंच म्हातारा दिसत होता. सुलेखाला इतकं वाईट वाटलं की तलवारीवरचा तिचा सगळा जुना राग त्या क्षणी निघून गेला. एकदा, फक्त एकदा या माणसाचं निदान बरोबर येऊ द्यायला काय हरकत होती? ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाहुण्यांसमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

"जुनी आहे म्हणत होतो मी," तो मराठीत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "सातशे वर्षांची. खात्री होती माझी."

"जुनी तर आहेच," शैलजाताई म्हणाल्या.

श्रीरामने मान वर केली. "तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? मी घासली ना." त्यांनी दुखरं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. "सकाळचा तो गंज निघता निघेना. पहिल्या चिंचेला तर ढिम्म हलला नाही. मीठ घातलं, तरी नाही. काळा, घट्ट, लोखंडातच मुरलेला. नंतर मघाशी पुन्हा आला होता ना, पिवळा, तो बघ, एका बोटाने गेला. कालपरवाचा गंज असाच असतो, वरवरचा. पण तो सकाळचा नव्हता तसला. बाबांचा वस्तरा होता आजोबांच्या वेळचा, तो घासलाय मी, त्याचासुद्धा एवढा चिवट नव्हता. सातशे का काय ते मला मोजता येत नाही. पण फार, फार जुनी. तुझं बरोबर आहे, श्रीराम."

श्रीराम बहिणीकडे बघत राहिला. सुलेखाच्या हाताखाली त्याचा खांदा हलत होता. मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्या हळदकुंकू लावलेल्या तलवारीशेजारी, आणि दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं.

"आता याला काय झालं?" शैलजाताई म्हणाल्या, आणि त्याच्या कॉलरला चिकटलेली पाकळी त्यांनी काढून टाकली.

डेल गोंधळून एकेकाकडे बघत होता. "व्हॉट डिड शी से?" त्याने सुलेखाला विचारलं.

"शी सेज ही इज राइट," सुलेखा म्हणाली.

"अबाउट व्हॉट?"

सुलेखाने त्याच्या हातात ताट दिलं आणि त्यात आणखी एक पुरी वाढली.